राजाचं ध्यान कोणी मोडलं?

राजा प्रतापधवलाला मोक्ष हवा होता, आणि तोही दिवाळीच्या आत!

पण डोळे मिटले, की तांबट आळीतून ठोके ऐकू येत. ठक्! ठक्! ठक्! राजा भडकला. त्यानं दवंडी पिटवली : "जो कोणी महाराजांचं ध्यान मोडेल, त्यानं सूर्य मावळायच्या आत नगर सोडावं!"

तांबटांवर आभाळ कोसळलं. तांब्याला हातोडीनं मठारल्याशिवाय हंडा टणक होत नाही. न ठोकता तो घडवायचा कसा? रडत रडत सगळे गाड्या भरू लागले. चिमा ही एका तांबटाची मुलगी. ती मात्र तडक राजवाड्यात गेली.

"महाराज, हुकूम सगळ्यांना लागू ना?"

"सगळ्यांना! माझ्या सख्ख्या मेहुण्यालासुद्धा!"

"मग आधी खात्री करून घ्या. आमच्या हातोड्या आज बंद आहेत. बसा ध्यानाला!"

राजा बसला. जरा वेळानं डोळे उघडले.

"तो मोर ओरडतोय!"

मोर हाकलला.

"प्रधानजी, तुम्ही श्वास फार मोठ्यानं घेता!"

"घेऊ नको का, महाराज?"

"बाहेर जाऊन घ्या!"

मग पंखा ढाळणारी दासी गेली. समई तडतडत होती, तीही गेली. दालनात राजा, आणि दारापलीकडे चिमा. तरी राजानं डोळे उघडलेच.

"अगं, ठोके का येत नाहीत? केव्हाची वाट बघतोय मी!"

"म्हणजे ठोके नाहीत म्हणून ध्यान मोडलं?"

"तसं नाही गं..." राजा चाचरला. "मोक्ष मिळाल्यावर नावापुढे महर्षी लावायचं की ब्रह्मर्षी, यात जरा अडकलो होतो."

"हे मोरानं विचारलं?"

"छे!"

"प्रधानजींनी?"

"ते तर बाहेर आहेत!"

"मग आत कोण होतं, महाराज?"

राजानं हळूच स्वतःकडेच बोट केलं.

"सूर्य मावळत आलाय," चिमा म्हणाली. "आमच्या एका गाडीवरचं सामान उतरवून ती तुमच्या दाराशी आणलीय. बैल म्हातारे आहेत, पण ब्रह्मर्षींना चालतील!"

राजा असा खदखदून हसला, की प्रधानजी धावत आत आले. हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला. राजवाड्याची सगळी भांडी घडवायचं काम तांबट आळीला मिळालं आणि चिमाच्या गळ्यात राजानं स्वतःचा मोत्यांचा कंठा घातला.

"पोरी, उद्यापासून माझं आसन तुमच्या आळीतच मांड!"

"मांडते, महाराज. पण तिथं बसून तक्रारी करायच्या नाहीत. आमचं ध्यान मोडतं!"