ऐनाच्या झाडावरची खूण

फार जुन्या काळची गोष्ट. वाटा तेव्हा माणसांच्या पायांनी पडत आणि माणसांच्या विसरण्याने बुजत. त्या काळी एका दाट रानाच्या अलीकडे एक गाव होतं, आणि पलीकडे डोंगराच्या कुशीत लहानमोठ्या वाड्या होत्या.

रान असं, की आत शिरलं की दिवसाही दिशा कळू नये. पण गावाचा एक जुना नेम होता. रानात जाणाऱ्या प्रत्येकाने चुन्याचं बोळकं बरोबर न्यायचं. वाटेवरच्या झाडांवर चुन्याच्या खुणा होत्या. जी फिकी दिसेल तिच्यावर बोटं फिरवून ती उजळायची. एखादी खूण चुकीच्या जागी आहे असं वाटलं, तर पुसून बरोबर जागी काढायची, आणि का पुसली ते चावडीवर सगळ्यांसमोर सांगायचं. खुणा कुणा एकाच्या नव्हत्या, राजाच्याही नव्हत्या. भिकारीसुद्धा त्या धरून जाई, आणि त्या दुरुस्त करायचा हक्क भिकाऱ्यालाही होता.

हा चुना भाजायचा सटवाजी. गावाबाहेर त्याची भट्टी होती. कुणी बोळकं न घेता रानाकडे निघालेला दिसला की तो तिथूनच ओरडे, "वाट काय तुझ्या आज्याने एकट्याने बांधलीय? घे चुना!" माणूस सोन्यासारखा, पण जीभ त्याच्या चुन्यासारखीच, लागली की पोळायची. लोक त्याच्या माघारी हसत आणि त्याच्या समोर मुकाट्याने बोळकं भरून घेत.

त्याला राही नावाची एकच मुलगी. बायको लवकर गेली, तेव्हा पोरीला त्याने भट्टीशेजारीच वाढवली. चालायला लागली तशी ती बापाचं बोट धरून रानात जाई. झाडाच्या बुंध्याजवळच्या बुटक्या खुणा तिच्या वाट्याला येत.

"बाबा, ही खूण मी केली," ती म्हणे.

"तू उजळलीस, बाय. करणारे कधीच मातीत गेले," तो म्हणे.

पुढे राही सगळ्यात लांबच्या वाडीत नांदायला गेली. वाडी कसली, डोंगराला चिकटलेली चार घरं. सटवाजी अधूनमधून खुणा उजळत जाई आणि लेकीला डोळे भरून पाहून येई.

अशात गावात एक मेणेवाला आला. त्याचे मेणे मऊ, भोई दणकट, आणि नवल म्हणजे तो कुणाकडून काहीच घेत नसे. "बसा, पडदा सोडा, झोपा. डोळे उघडाल तेव्हा पलीकडे असाल," तो म्हणे. भोई कुठल्या वाटेने जातात ते कुणाला कळत नसे, कारण पडदा सारायची मनाई होती. वाटेत मेणा थांबे तो त्याच्याच दुकानांपाशी. कोण कुठे जातो, काय घेतो, कुणाला भेटतो, हे भोई मालकाच्या कानावर घालत. पण फुकटच्या गादीवर पाठ टेकली की माणूस असल्या चौकशा फार करत नाही.

सटवाजी भडकला. शेजारचा हैबती मेण्यातून उतरला तसा त्याने त्याला गाठलं.

"हैबती, डोळ्यावर पडदा टाकून नेतात तुला, अन् तू जातोस?"

"सटवाजीबाबा, माझे पाय, माझी मर्जी. तुम्ही चाला की! तुम्हाला कुणी अडवलंय?"

"अरे, पण खुणा?"

"ज्याला हव्यात त्याने उजळाव्यात."

तसं पाहिलं तर हैबतीचं खोटंही नव्हतं. मेण्यात बसणं काही पाप नव्हे. दमलेल्याने बसावं, म्हातारीने बसावं, गर्भारणीने तर बसावंच. मात्र मेण्यातून उतरल्यावर कधीतरी बोळकं घेऊन रानात जावं, एवढंच सटवाजीला म्हणायचं होतं. ते त्याला नीट मांडता येईना, म्हणून तो शिव्या देऊ लागला. शिव्या देणाऱ्याचं खरंही लोकांना खोटं वाटतं. जे दोघंतिघं अजून बोळकं नेत होते, तेही मग त्याला खिजवायला मेण्यात बसू लागले.

पुढच्या हिवाळ्यात सटवाजीचा गुडघा धरला. लेकीला बघून बरेच दिवस झाले होते. जीव राहवेना. "एकदाच," असं मनाशी म्हणून तो मेण्यात बसला. त्याला गाढ झोप लागली, आणि जागा झाला तो राहीच्या अंगणात.

दुसऱ्या खेपेला त्याने "एकदाच" म्हटलं नाही. गुडघा बरा झाला, सवय मात्र राहिली. एवढ्या मोठ्या रानात माझ्या एका बोळक्याने काय होणार, असं तो स्वतःला समजावी. चुना मागायला कुणी येईना, तेव्हा त्याने भट्टीही विझवली. तिच्यात मांजर व्यालं.

एकदा राहीने भाकरी वाढता वाढता विचारलं, "बाबा, आपल्या खुणा ठीक आहेत ना?"

जन्मभर ज्याने गावाला फैलावर घेतलं, त्याला पोरीपुढे खरं बोलायची लाज वाटली.

"आहेत की," तो म्हणाला. "त्यांना काय धाड भरलीय?"

राही समाधानाने हसली. आणि सटवाजीने दुसरी भाकरी मागून घेतली.

पावसाळे आले आणि गेले. रानात खुणांवर शेवाळ चढलं, वेली चढल्या.

मग राहीला दिवस गेले. वाडीत सुईण नव्हती. "सातव्यात न्यायला येतो. बाळंतपण माहेरीच करायचं," सटवाजीने लेकीला शब्द दिला. सातवा सरत आला तसा तो मेणेवाल्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"त्या वाडीचा मेणा बंद केला, बाबा," मेणेवाला म्हणाला. "तिथे आमचं दुकान नाही, उतरणारं माणूस नाही. दुसरं कुठलंही गाव सांगा."

"मला दुसऱ्या गावाला नाही जायचं. माझ्या लेकीकडे जायचंय."

"मग चालत जा. वाट सगळ्यांची आहे, असं तुम्हीच ओरडत होता ना?"

मेणेवाला चिडून बोलला नाही. हसतमुखानेच बोलला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सटवाजीने गाव पालथं घातलं. तो स्वतः जन्मभर खुणा बघूनच चालला होता; वाट आठवते का, म्हणून त्याने दारोदार विचारलं. जाणते मरून गेले होते आणि बाकीचे पडद्याआड झोपून जाणारे होते. शेवटी हैबतीच म्हणाला, "मी येतो बरोबर." भट्टीच्या तळाशी चुन्याची ढेकळं उरली होती. ती भिजवून दोघांनी बोळकी भरली आणि रानात शिरले.

थोडं चालून गेल्यावर पहिली चूक झाली, मग एका चुकीतून दुसरी होत गेली. सटवाजी झाडामागून झाड नखांनी खरवडत होता. शेवाळाखाली कधी पांढरं लागे, बहुतेक वेळा सालच लागे. भलत्याच दरीतून चढून, पायांची सालटी काढून घेत, दोघं कसेबसे वाडीवर पोचले तेव्हा त्यांना निघून दोन दिवस उलटले होते.

राहीची सासू दारात आली आणि त्यांच्या मागे बघू लागली.

"राही कुठाय? तुमच्या संगती नाही?"

"नाही. कुठे गेली?" सटवाजीने विचारलं.

"तुम्ही आला नाहीत, मेणाही येईना," सासू रडत सांगू लागली. "माझा पोरगा तापाने फणफणलेला. मी म्हटलं, एकटी जाऊ नको, बाई. तर म्हणाली, वाटेवर माझ्या बाबांच्या खुणा आहेत, त्या धरून आंधळंसुद्धा जाईल. परवाच गेली हो."

सटवाजीने पाणीही घेतलं नाही. वाडीच्या बाजूने तो रानात धावला आणि पहिल्याच झाडापाशी थबकला. खूण लख्ख पांढरी होती. पुढच्या झाडावरही तशीच. जिथे जिथे राहीला जुनी खूण सापडली होती, तिथे तिथे तिने शेवाळ पुसून ती उजळली होती. पोट घेऊन, वाकून, बुटक्या खुणासुद्धा तिने सोडल्या नव्हत्या. पोरीने नेम मोडला नव्हता.

"सापडेल, बाबा. खुणा आहेत," हैबती मागून धापा टाकत म्हणाला.

एका ऐनाच्या झाडापाशी खुणा संपल्या.

पुढच्या झाडांवर नुसते ठिपके होते, माघारी येता यावं म्हणून लावलेले. ते थोडे पुढे जात आणि वळून पुन्हा ऐनाशी येत. दुसऱ्या बाजूनेही तसेच, तिसऱ्या बाजूनेही तसेच. ठिपके लहान लहान होत गेले होते, कारण बोळक्यातला चुना संपत आला होता.

जवळच्या ओढ्याकाठी राही सापडली. बोळकं उशाशी नीट ठेवलेलं होतं. पोटावर हात धरून ती कुशीवर निजली होती. तिच्या बोटांचा चुना वाळला होता, आणि बोटं गार पडली होती.

सटवाजी तिच्याजवळ बसला. "मी खोटं बोललो, बाय," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. हैबती म्हणू लागला, "मी म्हटलं होतं, माझी मर्जी..." आणि त्याने खांद्यावरचं उपरणं राहीवर पांघरलं.

त्यानंतर भट्टी पुन्हा पेटली. सटवाजी आता कुणावर ओरडत नसे. चुना भिजवून दारात ठेवी आणि बसून असे. कुणी नेई, कुणी न बघता मेण्यात चढे. मेणेवाल्याचं काहीच बिघडलं नाही. त्याने आणखी दोन वाड्या बंद केल्या.

दरवर्षी पाऊस सरला की सटवाजी आणि हैबती वाट उजळत ऐनाच्या झाडापर्यंत जात. तिथली खूण लेकीच्या हातची. ती तशीच ठेवावी, असं सटवाजीला फार वाटे. पण न उजळलेली खूण काय करते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो तिच्यावर आपली बोटं फिरवी, आणि दरवर्षी राहीची बोटं त्याच्या चुन्याखाली आणखी थोडी झाकली जात.

तात्पर्य : आपली सोय ज्याची त्याने खुशाल निवडावी, पण सगळ्यांची वाट बुजू दिली, तर पुढे निवडायला काहीच उरत नाही.