चिंचेचा माळ

चांगल्या रस्त्याची वाट बघत बसणाऱ्यांनो, ती चिंच तुम्ही तोडलीत, हातात कुऱ्हाड न घेता.

फार वर्षांपूर्वी एका पडवीत तीन सायकली राहत. सुट्टीत कुठे जायचं म्हटलं, की म्हातारी काळी एकच ठिकाण सांगे, चिंचेचा माळ. तरुणपणी त्या चिंचेला टेकून ती विसावली होती. गंजून मोडण्याआधी तिला एकदा तिथं जायचं होतं.

“आजी, रस्ता आहे का तो? हाडं खिळखिळी होतील!” गिअरवाली म्हणे. “डांबरी झाला की जाऊ.”

तिसरी मान डोलवी. काळीही मग भिंतीला टेकून राही.

अखेर डांबर पडलं. तिघी निघाल्या, काळी कुरकुरत, पण सगळ्यांच्या पुढे. माळावर पोचून ती थांबली. रस्ता रुंद करताना चिंच गेली होती. टेकायला काहीच नव्हतं.

जमिनीलगत उरलेल्या खुंटावरच्या खारीनं विचारलं, “रस्ता तरी आवडला ना, बायांनो?”