मिरी खारीचा घास

एक होतं परस. परसात होती विहीर. विहिरीपाशी केळ, केळीपाशी अळू, अळूपाशी भाजीचे वाफे. कोपऱ्यात एक आंबा. आंब्यावर घरटं. घरट्यात राहायची एक खार आणि तिचं एक पिल्लू.

खारीचं नाव मिरी. अंगानं एवढीशी आणि रागानं एवढी मोठ्ठी! (इथे हात पसरायचे. अजून पसरा. हं, एवढी!)

दर रविवारी घरातली माणसं परसातच जेवत. छोट्या चिंगीची आई परसातल्या चुलीवर पानगी करी. पानगी म्हणजे काय? काकडी किसायची, गूळ घालायचा, तांदळाचं पीठ घालायचं. केळीच्या पानात थापायची, तव्यावर भाजायची. वर लोण्याचा गोळा. सुटलं ना तोंडाला पाणी?

आणि पहिल्या पानगीचा पहिला घास कुणाचा? मिरीचा! तो धुण्याच्या दगडावर ठेवायचा. आजीचा नियमच होता तसा.

एका रविवारी मिरी आंब्यावरून उतरली. तुरुतुरु तुरुतुरु. दगडावर आली आणि बघते तर काय? दगड रिकामा! इकडे हुंगलं, तिकडे हुंगलं. घास नाही. कणसुद्धा नाही.

वरून पिल्लू ओरडलं, "आई, भूक!"

"चिर्र!" मिरीला आला राग. शेपटी फुगली भेंडीएवढी.

निघाली चिंगीच्या आईकडे. तुरुतुरु तुरुतुरु. आई चुलीपाशी बसली होती. पीठ तयार, तवा तयार. पण आई घुश्शात! उलथनं आपटत होती. खण्ण! खण्ण! शेजारी छोटी चिंगी ताटली वाजवत होती. ठण ठण! "पानगी! पानगी!"

मिरी म्हणाली,
"आई, आई, घास दे!
घास नाही, म्हणून मला आलाय राग. चिर्र!"

आई म्हणाली, "तुला एकटीलाच येतो का राग? मलासुद्धा आलाय. केव्हाची पीठ कालवून बसलेय! पान नाही, तर पानगी नाही. जा, चिंगीच्या बाबांना सांग!"

"चिर्र!" मिरीची शेपटी फुगली वांग्याएवढी.

निघाली बाबाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. बाबा केळीखाली बसला होता. हाताची घडी, गाल फुगलेले. फूं! फूं!

मिरी म्हणाली,
"बाबा, बाबा, पान काप!
पान नाही, तर पानगी नाही.
पानगी नाही, तर घास नाही.
घास नाही, म्हणून मला आलाय राग. चिर्र!"

बाबा म्हणाला, "तुला एकटीलाच येतो का राग? मलासुद्धा आलाय. हा कोयता बघ! लोणीसुद्धा कापायचा नाही. हातानं ओढलं, तर पान फाटतं. धार नाही, तर पान नाही. जा, आजोबांना सांग!"

"चिर्र!" मिरीची शेपटी फुगली दोडक्याएवढी.

निघाली आजोबांकडे. तुरुतुरु तुरुतुरु. आजोबा पायरीवर बसले होते. पुढ्यात धार लावायचा दगड. रागानं मिशा हलत होत्या. थरथर! थरथर!

मिरी म्हणाली,
"आजोबा, आजोबा, धार लावा!
धार नाही, तर पान नाही.
पान नाही, तर पानगी नाही.
पानगी नाही, तर घास नाही.
घास नाही, म्हणून मला आलाय राग. चिर्र!"

आजोबा म्हणाले, "तुला एकटीलाच येतो का राग? मलासुद्धा आलाय. दगड कोरडा! हंडा कोरडा! घागर कोरडी! थुंकी लावून धार लावू काय? पाणी नाही, तर धार नाही. जा, काकाला सांग!"

"चिर्र!" मिरीची शेपटी फुगली पडवळाएवढी. मागे लोंबायला लागली.

निघाली काकाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. काका विहिरीपाशी उभा होता. पाय आपटत होता. धप्प! धप्प! विहिरीतला बेडूक घाबरून गप्प बसला होता.

मिरी म्हणाली,
"काका, काका, पाणी काढ!
पाणी नाही, तर धार नाही.
धार नाही, तर पान नाही.
पान नाही, तर पानगी नाही.
पानगी नाही, तर घास नाही.
घास नाही, म्हणून मला आलाय राग. चिर्र!"

काका म्हणाला, "तुला एकटीलाच येतो का राग? मलासुद्धा आलाय. दोर तुटला! तटकन तुटला! कळशी कशीबशी वाचली. आता काय बेडकाला सांगू, पाणी वर फेक म्हणून? दोर नाही, तर पाणी नाही. जा, आजीला सांग!"

"चिर्र!" मिरीची शेपटी फुगली दुधीएवढी. चालताना धपकन पडली, पुन्हा उठली.

निघाली आजीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. आजी पडवीत बसली होती. आजी काही आपटत नव्हती. आजी ओरडत नव्हती. आजी गप्प होती. आणि आजी गप्प, म्हणजे घरातला सगळ्यात मोठा राग!

पण मिरी घाबरते की काय? मिरी म्हणाली,
"आजी, आजी, दोर जोड!
दोर नाही, तर पाणी नाही.
पाणी नाही, तर धार नाही.
धार नाही, तर पान नाही.
पान नाही, तर पानगी नाही.
पानगी नाही, तर घास नाही.
घास नाही, म्हणून मला आलाय राग. चिर्र!"

आजी हळूच म्हणाली, "तुला एकटीलाच येतो का गो राग? मलासुद्धा आलाय. नारळाची सोडणं भिजवली मी. बडवली मी. काथ्या काढला मी. दोरासाठी ह्या टोपलीत ठेवला मी. आणि कुणी मेल्यानं पळवला! काथ्या नाही, तर दोर नाही. जा, त्या चोराला सांग!"

चोर!

असं आहे होय? एका चोरानं घरभर राग पसरवला? एका चोरानं पिल्लाला उपाशी ठेवलं?

"चिर्र! चिर्र! चिर्र!" मिरीची शेपटी फुगली लाल भोपळ्याएवढी!

"सापडू दे तो चोर!" मिरी ओरडली. "त्याची शेपटीच ओढते! कर्रकन ओढते!"

चोर शोधायला निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. अळूखाली बघितलं. चोर नाही. हंड्यामागे बघितलं. चोर नाही. कोंबडीला म्हणाली, "पंख उचल!" कोंबडीनं बिचारीनं पंख उचलला. तिथे एक अंडं. चोर नाही.

"उंचावरून बघते!" मिरी सरसर सरसर आंब्यावर चढली. घरट्यात शिरली. शेपटी आत मावेना! ती बाहेरच राहिली. मिरीनं डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या परसाला ऐकू जाईल असं ओरडली,

"चोरा, चोरा, काथ्या दे!
काथ्या नाही, तर दोर नाही.
दोर नाही, तर पाणी नाही.
पाणी नाही, तर धार नाही.
धार नाही, तर पान नाही.
पान नाही, तर पानगी नाही.
पानगी नाही, तर घास नाही.
घास नाही, म्हणून मला आलाय राग. चिर्र!"

पिल्लू म्हणालं, "आई, किती ओरडतेस! इथे बस ना. बघ, आपल्या घरट्यात किती ऊब आहे."

मिरीनं खाली बघितलं.

पिल्लाच्या खाली काहीतरी होतं. तपकिरी तपकिरी. भुसभुशीत.

काय होतं?

काथ्या!

अरे देवा! परवा थंडी पडली होती. पिल्लू कुडकुडत होतं. कुडकुड कुडकुड. मग मिरी पडवीत गेली होती. टोपलीतून तोंडभर काथ्या आणला होता. पुन्हा तोंडभर. पुन्हा तोंडभर. टोपली रिकामी झाली आणि मिरी सगळं विसरूनसुद्धा गेली!

 

फुस्स! भोपळ्याएवढी शेपटी झाली मिरचीएवढी.

पिल्लू म्हणालं, "आई, आता चोराची शेपटी ओढणार ना? कर्रकन?"

"तू गप्प बस!" मिरी म्हणाली.

तिनं पिल्लाकडे बघितलं. काथ्या दिला, तर पिल्लाला थंडी. तिनं खाली बघितलं. चिंगी आता ताटली वाजवत नव्हती. हुं हुं करून रडत होती. काथ्या ठेवला, तर चिंगी उपाशी. आणि पिल्लूसुद्धा उपाशी!

मिरीला पुन्हा राग आला. पण आता कुणाचा? स्वतःचाच! आणि तो राग फार वाईट. तो टोचतो.

मिरीनं पिल्लाला बाजूला सारलं. तोंडात काथ्या भरला. सरसर सरसर खाली. आजीच्या टोपलीत टाकला. पुन्हा वर, पुन्हा खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. टोपली भरली.

आजीनं बघितलं. काकानं बघितलं. आजोबांनी, बाबानं, आईनं बघितलं. चिंगी रडायची थांबली.

आजी म्हणाली, "तू होय गो, मिरे?"

"हो, मीच!" मिरी दोन पायांवर उभी राहिली. "मीच नेला! पिल्लाला थंडी वाजत होती! मला काय ठाऊक, त्याचा दोर होतो ते! चुकलं माझं! चुकलं, चुकलं, चुकलं! चिर्र!"

इतक्या मोठ्यानं म्हणाली, की वाटावं, आजीलाच रागावतेय.

आजी म्हणाली, "अगो, मग मागायचा ना! मूठभर दिला नसता का मी?"

"मागायचा?" मिरी म्हणाली.

मिरीनं कधी काही मागितलंच नव्हतं. एक तर पळवायचं, नाही तर ओरडायचं. एवढंच तिला येत होतं.

आजीनं जुन्या लुगड्याचा कोपरा फाडला. टर्र! "हे घे. पिल्लाच्या अंगाखाली घाल. मऊ आहे."

मिरीनं तुकडा घेतला.  शेपटी हलवली, थोडीशीच.

आणि मग काय झालं?

काथ्या आला, आजीनं सुंभ वळलं. वळ वळ वळ!
सुंभ आलं, काकानं दोर जोडला. रहाट फिरला. कुईं कुईं कुईं!
पाणी आलं, आजोबांनी धार लावली. घस्स घस्स घस्स!
धार आली, बाबानं पान कापलं. सप्प!
पान आलं, आईनं पानगी थापली. चुर्र चुर्र चुर्र!

परसभर वास सुटला. आईनं उलथनं आपटलं नाही. बाबाचे गाल खाली बसले. आजोबांच्या मिशा हसल्या. काकानं चिंगीला खांद्यावर घेतलं.

पहिली पानगी झाली. आईनं पहिला घास तोडला. वर लोणी लावलं आणि चिंगीच्या हातावर ठेवला. "जा, दगडावर ठेवून ये."

चिंगी निघाली. दुडुदुडु दुडुदुडु. घास गरम गरम. लोणी वितळलं, बोटांवरून ओघळलं. चिंगीला केवढी भूक लागली होती! ती थांबली. घासाकडे बघितलं. तोंड उघडलं. आ...

सगळे बघायला लागले.

दगडामागून आवाज आला, "चिर्र?" अगदी हळू.

चिंगीनं तोंड मिटलं. दुडुदुडु गेली. घास दगडावर ठेवला. "मिली, खा," म्हणाली. मग आपली बोटं चाटली. ते लोणी काही दगडावर ठेवायचं नव्हतं!

मिरीनं घास उचलला. सरसर सरसर वर. अर्धा पिल्लाला, अर्धा आपल्याला. कुटुकुटु कुटुकुटु.

खाली चिंगीनं खाल्ली पानगी. आईनं खाल्ली, बाबानं खाल्ली, काकानं चार खाल्ल्या. आजोबा म्हणाले, "अजून एक." आजी म्हणाली, "मलासुद्धा."

आणि राग कुठे गेला? पोटात पानगी मावली, रागाला जागाच उरली नाही.

पुढच्या रविवारी मिरी पडवीत आली. तुरुतुरु तुरुतुरु. आजी काथ्या पिंजत होती. मिरी समोर येऊन दोन पायांवर उभी राहिली. डोळे वटारले. शेपटी फुगवली आणि ओरडली,

"चिर्र! पिल्लाला थंडी वाजते! मला काथ्या हवाय! मी मागतेय! ऐकलंस का? मागतेय मी!"

आजी इतकी हसली, इतकी हसली, की टोपली कलंडली.

"घे गो बाई," आजी म्हणाली. "मूठभर घे."

मिरीनं मूठभर घेतला. मूठभरच हं. बाकीचा राहिला दोरासाठी.

पानं टाकली केळीच्या मुळाशी, गोष्ट ठेवली तुझ्या उशाशी.