हाडे बसवणारी अस्वलीण

मुलांनो, नदीच्या वळणावरच्या एका जंगलात एक वयस्कर अस्वलीण मोडलेली हाडे बसवून देत असे. बांबूच्या कामट्या लावायच्या, वेलीने घट्ट बांधायचे आणि हाड जुळेपर्यंत रोग्याजवळून हलायचे नाही, ही तिची रीत. आजाऱ्याकडून कोणी काही घेत नसे. वैद्यांचे खाणे जंगलाच्या सामाईक कोठारातून येई.

पुढे कोठाराचा कारभार सिंहाचा प्रधान असलेल्या कोल्ह्याकडे आला. कोल्हा प्रामाणिक होता, पण उतावळा. आपल्या बिळात एकट्याने बसून त्याने नियम केला, "एका रोग्यामागे वैद्याला पाच फळे. काटा रुतलेला असो की पाय मोडलेला, सर्वांना सारखेच." सिंहाने मान डोलावली आणि नियम लागू झाला. दिवसाला दहा काटे काढणाऱ्या माकडाची चंगळ झाली. अस्वलिणीला मात्र एकवीस दिवसांच्या राखणीला पाच फळे! ती कोल्ह्याकडे जाऊन म्हणाली, "प्रधानजी, एकदा माझ्याजवळ बसून काम तर पाहा."

"मावशी, नियम झाला. आता कशाला पाहायचे?" कोल्हा म्हणाला.

त्याच आठवड्यात हरिणीच्या पाडसाचा पाय मोडला. अस्वलिणीने तो नीट बसवला. मिळालेली फळे दोन दिवसांत संपली. त्यानंतर तीन दिवस तिने नुसत्या पाण्यावर काढले. सहाव्या दिवशी मात्र तिचे हातपाय कापू लागले, म्हणून ती घटकाभर जांभळे शोधायला गेली. इकडे एकटे पाडस कसल्याशा आवाजाला घाबरून उठले आणि पाय पुन्हा मोडला. या वेळी तो वाकडाच जुळला. अस्वलिणीला फार वाईट वाटले. "आजपासून मीही काटेच काढीन," असे तिने सर्वांना सांगून टाकले.

कोल्हा रागारागाने आला. "असे हात झटकलेत तर मोडक्या हाडांनी जायचे कुठे? अडचण होती तर आधी का नाही सांगितलीत?"

"आधी? नियम करण्याआधी तुम्ही विचारलेत कुणाला?"

तेवढ्यात पाय मोडलेल्या सशाला घेऊन त्याचे भाऊ आले. कोल्हा वरमून म्हणाला, "मावशी, एवढ्याला घ्या. मी इथेच बसतो." तो बसला. पहिल्या दिवशी कंटाळला, दुसऱ्या दिवशी भुकेला झाला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः कोठारातून अस्वलिणीचे जेवण आणले आणि जंगलातल्या सगळ्या वैद्यांना बोलावले. प्रत्येकाचे ऐकून घ्यायला संध्याकाळ झाली. माकड तर आपणहून म्हणाले, "काट्याला दोन फळे पुरेत." हाड जुळेपर्यंत राखण करणाऱ्याला रोजचे जेवण द्यायचे ठरले. ससा महिन्याभरात उड्या मारू लागला.

पाडसाचा पाय मात्र वाकडाच राहिला. ते कळपाच्या मागून लंगडत चाले, आणि ते दिसले की कोल्हा मान खाली घाली.

तात्पर्य : ज्यांच्या कामाचा मोबदला ठरवायचा, त्यांना आधी विचारावे; न विचारता केलेल्या नियमाची झळ शेवटी दुबळ्यांनाच बसते.