पाणखोलची बोलती पडवी

पाणखोलच्या माउलीच्या देवळाला लागून एक लांबलचक पडवी आहे. तिच्या भिंतींवर चित्रंच चित्रं. कागदावरची, फळीवरची, कापडावरची, एक तर चक्क सुपावर काढलेलं. सगळी पंचक्रोशीतल्या घरांनी दिलेली. विकत घेतलेलं एकही नाही. पण शहरातून आलेला माणूस दचकतो तो चित्रांनी नव्हे, आवाजाने. इथे मुकाट्याने चित्र बघायची रीत नाही. बाजूला ऐकणारं कुणी नसलं तरी एखादी म्हातारी भिंतीसमोर उभी राहून मोठ्याने सांगत असते, "ह्यो घोडो. निळो आसा. एक पाय उचललेलो."

पाहुणे बावरून एकमेकांकडे बघतात. मग देवळाचे गुरव सगुणदादा त्यांना पायरीवर बसवतात, गूळपाणी देतात आणि ही गोष्ट सांगतात.

फार मागे, म्हणे, ही पडवी रिकामीच होती. गावात सोनू नावाचा चित्रकथी होता. चित्रांची पोथी मांडून, एकेक पान दाखवत तो रामायण सांगायचा. दर नवरात्रात माउलीसमोर त्याची कथा लागायची. त्या साली देवीची साथ आली. माणसांच्या अंगावर फोड उठले, घराघरांतून कण्हणं ऐकू येऊ लागलं. पहिल्या फटक्यातच सोनू गेला. मागे उरली त्याची बायको द्वारकी आणि शेवंती नावाची लहानगी लेक.

भ्यालेल्या माणसाला काय दिसेल त्याचा नेम नाही. सोनूच्या पोथीला पावसाळ्यात ओल लागली होती. ती उघडताच कुणाला तरी सीतेच्या तोंडावर ठिपके दिसले. "सीतामायेकसुद्धा फोड इले!" एवढं म्हणायचा अवकाश, गाव गोळा झालं. चित्रकथ्यांत जुनी रीतच आहे, फाटलेलं चित्र घरात ठेवत नाहीत, नदीत सोडतात. गावकारांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, ठरवलं की चित्रांना रोग लागलाय, त्यांनाच आधी बोळवावं. द्वारकी पाया पडली. "ती बुरशी हा हो, पुसलास तर जाईत," असं सांगून तिचा घसा बसला. कोण ऐकतंय! सगळी पोथी नदीत गेली.

साथ काही हटली नाही. उलट वाढली. मग कौल लावला. कौल म्हणजे माउलीच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही, आणि एकही हलली नाही तर माउली बोलायलाच तयार नाही. साथ कधी जाईल, असं विचारलं. कळ्या जागच्या जागी. शेवटी गुरवाने विचारलं, "आये, तुझी कथा राहिली म्हणून रागावलंस?" तशी उजवी कळी पटकन खाली आली.

सगळ्यांच्या माना वळल्या त्या द्वारकीकडे. तिच्याच हातून नेलेली पोथी आता तिनेच आणून मांडायची होती! आणि त्याच दुपारी शेवंतीचं अंग तापलं.

द्वारकीने माउलीच्या पायरीवर हात ठेवून बोलणं केलं, म्हणजे नवस केला, म्हणे. "चित्रां मी गोळा करतंय. कथा पुरी सांगतंय. माझा चेडू तेवढा माका ठेव." पोरीला शेजारणीकडे सोपवून ती दारोदार निघाली. पाणखोल झालं, पलीकडच्या वाड्या झाल्या, खाडीपारचे गाव झाले. लोक दार अर्धंच उघडायचे.

अन्सू नावाची एक जाऊबाई होती तिची, जिभेने तिखट. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "काय गो द्वारके, आता दारोदार?"

"चित्र होया, वयनी. कसलाय चलात."

"तुझ्या घोवाची चित्रां बघून साथ इली. आता आमची होयी?" तरी ती आत गेली आणि एक फळकूट घेऊन आली. "ह्या घे. पिठाच्या मडक्याचा झाकण. त्येच्यार मोर आसा. अर्धो गेलो, अर्धो आसा. सांगात तुझी अर्धी कथा."

द्वारकीने तेही पदरात घेतलं. कुणी कोपरा जळलेला गणपती दिला. कुणी गंजिफांचं, म्हणजे रंगवलेल्या गोल पत्त्यांचं, बाकी डाव हरवून उरलेलं एक पान दिलं. ज्याला जे नको होतं ते त्याने दिलं. तिने सगळं पडवीत मांडलं आणि कथा सुरू केली. अर्ध्या मोराला तिने जटायू म्हटलं, गंजिफाच्या पानाला दशरथाचा दरबार. आवाज फाटत होता, तरी सांगत गेली. कळ्या सुकल्या. हलली एकही नाही.

घरी शेवंतीचे डोळे सुजून मिटले होते.

आता द्वारकीला कळून चुकलं होतं, लोकांना नावं ठेवायला आपल्याला तोंड नाही. पोथी न्यायला गाव आलं तेव्हा तिने एक चित्र चुलीमागच्या उतरंडीत लपवलं होतं. ते रामायणातलं नव्हतंच. सोनूने हौसेने काढलेलं होतं. त्याच्या खांद्यावर शेवंती बसलेली, तिच्या हातात केळफूल. सोनूचा चेहरा या जगात तेवढाच उरला होता. पोर तापात बरळायची तीही एकच, "बाबांचा चित्र दाखय." ते दिलं तर पोरीजवळ बाप राहत नाही. न दिलं तर पोरच राहत नाही. द्वारकी उतरंडीपाशी बसून हमसून हमसून रडली. मग उठली. पोरीने डोळे उघडलेच नाहीत, नाहीतर तिचा पाय निघाला नसता.

पडवीत तिने ते चित्र जटायूशेजारी लावलं. लोकांनी सोनूला ओळखलं. अन्सू तेवढी उठून तरातरा घरी गेली. सगळ्यांना वाटलं, रागावली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात तिच्या आईने रंगवलेला जिवतीचा पट होता. त्याची पूजा करूनच तिने आपली पोरं वाढवली होती. तो तिने भिंतीला लावला.

मग रीघ लागली, असं सांगतात. खाडीपारहूनसुद्धा होडीतून चित्रं आली, देताना जीव तुटेल अशी. त्यांच्यासमोर द्वारकीने कथा पुरी केली. उजवी कळी पडली. साथ उतरली.

शेवंतीचा ताप गेला. डोळे मात्र गेले ते गेलेच.

बरी झाल्यावर तिने पहिलं काही मागितलं असेल तर ते चित्र. माउलीला दिलेलं परत घ्यायचं नसतं. द्वारकीने लेकीला कडेवर घेतलं, पडवीत आणलं, तिचा हात कागदावर ठेवला.

"आये, काय दिसता?"

द्वारकी सांगायला लागली. मध्येच हुंदका आला, थांबली. तेव्हा मागून अन्सू पुढे झाली. "केळफूल आसा गो, जांभळा. तुझो बापूस वर बघून हसता. फुडे ये, माझा जिवत्येचा चित्र सांगतंय तुका." एकेक जण आपापल्या चित्रापाशी जाऊन ते तिला सांगू लागला. पोर पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकत गेली. पुढे रोज येत राहिली. ती म्हातारी होऊन गेली, पण लोकांची सवय गेली नाही.

आजही पडवीला चित्र द्यायचं तर आधी ते मोठ्याने सांगावं लागतं, आणि सांगताना देणाऱ्याचा गळा दाटला नाही तर गुरव हात जोडून ते परत न्यायला लावतात. सोनूचं चित्र मधल्या खांबाशेजारी आहे. त्याचे रंग कधीच उडाले, चौकटीत आता नुसता पिवळट कागद आहे. पाहुणे पुन्हा पुन्हा वाकून बघतात आणि म्हणतात, इथे तर काहीच नाही. तेवढ्यात गावातलं कुणीतरी बाजूला येऊन उभं राहतं आणि जांभळ्या केळफुलापासून सांगायला सुरुवात करतं.