पाण्याची पाळी आणि बंदुकीचा अर्ज

एकदा एक तरुण फौजदार होता, कामात अत्यंत चोख. चोख असणं हा काही दोष नव्हे, पण माझं जरा ऐकून घ्या. समुद्रालगतच्या एका सुपारीच्या गावी त्याची नेमणूक झाली होती. पोलीस प्रशिक्षणात ज्यांनी त्याला घडवलं, ते उस्ताद निवृत्तीनंतर त्याच गावात राहत होते. काही अडलं की हा त्यांच्या ओटीवर जाऊन बसे.

एका सकाळी तो एक प्रकरण घेऊन आला. अनंत शिरधनकर नावाच्या बागायतदाराने पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागितला होता. रानडुकरं वाडीत धुडगूस घालतात, असं कारण दिलं होतं. परवाना जिल्ह्याहून मिळायचा, पण त्याआधी ठाण्याचा अहवाल लागतो आणि तो या फौजदाराने लिहायचा होता.

"उस्ताद, इतका स्वच्छ अर्जदार मी पाहिलेला नाही," तो म्हणाला. "गुन्हा नाही, व्यसन नाही. अख्ख्या आळीचे जबाब घेतले. कुणाशी भांडण नाही की तंटा नाही. शेजारचा तोडणकर तर म्हणाला, देवमाणूस आहे. शिफारस करून मोकळा होतो."

"तोडणकर म्हणाला? अनंताला देवमाणूस?"

"हो. का?"

उस्तादांनी चपला पायांत सरकवल्या. "चल."

सुपारीच्या वाड्यांना पाणी पाटाने येतं. पाट एकच आणि वाड्या पुष्कळ, म्हणून प्रत्येकाची पाळी ठरलेली. आता तुम्ही म्हणाल, पाण्याचं ते काय एवढं! अहो, या पाळीपायी सख्खे भाऊ एकमेकांच्या घरी लग्नालासुद्धा जात नाहीत, अशी ती गावं. तिथला माणूस एक वेळ जेवण सोडील, पण पाळी सोडणार नाही.

अनंत एका झाडाच्या बुंध्याशी बसला होता. आदल्या वर्षी त्याची बायको सुलभा वारली होती आणि मूलबाळ नव्हतं. फौजदाराला पाहून तो अदबीने उठला. "या साहेब. एखादा कागद राहिला का?" त्या दिवशी पाळी त्याचीच होती आणि पाणी नुकतंच त्याच्या वाडीत शिरलं होतं. उस्ताद सरळ पाटाशी गेले. तिथलं फावडं उचलून त्यांनी अनंताच्या वाडीचं तोंड मातीने बुजवलं आणि सगळं पाणी तोडणकराच्या वाडीत सोडून दिलं.

फौजदार हबकलाच. "उस्ताद! अहो, हे काय करताय?"

अनंताने एकदा पाटाकडे पाहिलं. "असू दे," तो म्हणाला. "त्याची तरी झाडं जगतील." आणि पुन्हा खाली बसला.

उस्तादांनी पाणी पूर्ववत केलं, अनंताच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते निघाले. वाटेत ते एवढंच म्हणाले, "शिफारस करू नकोस."

"पण कारण काय देऊ? त्याच्याविरुद्ध एक अक्षर नाही!"

"हीच तर भीती आहे," उस्ताद म्हणाले. "अरे, या दोघांची वर्षानुवर्षं जुंपायची. चार थेंब इकडचे तिकडे झाले की अनंता बांधावर उभा राहून तोडणकराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. सुलभा हाताला धरून त्याला घरात न्यायची. तू विचारलंस, भांडण आहे का? लोक म्हणाले, नाही. खोटं नाही बोलले. पण ते थांबलं कधी, हे विचारायचं तुझ्या ध्यानात आलं नाही. ज्याला स्वतःचं पाणी गेलेलं चालतं, त्याला डुकरांपासून काय राखायचं आहे? ती बंदूक डुकरांसाठी नाही, बाबा. तो स्वतःसाठी मागतोय."

स्वतःच्या हाताने आपण काय लिहिणार होतो, हे फौजदाराला आता उमगलं. "आजच नकार लिहितो," तो म्हणाला.

"लिही. बंदूक अडेल. पण माणूस कसा अडवशील?"

"तुम्हीच सांगा."

"मला ठाऊक नाही," उस्ताद म्हणाले, आणि त्यांचा आवाज प्रथमच म्हाताऱ्याचा वाटला. "तालुक्याच्या डॉक्टरांकडे उद्या मी त्याला घेऊन जाईन, आला तर. तोडणकरालाही सांगून ठेवतो. तू एक कर. नकार कळवायला शिपाई धाडू नकोस. स्वतः जा."

फौजदार संध्याकाळी गेला, तेव्हा बांधावरून आरडाओरडा ऐकू येत होता. तोडणकर फावडं आपटत ओरडत होता, "अरे ए अन्या! तुझं पाणी चोरलंय मी! दिसत नाही का? चोर म्हण मला! मेल्या, एक शिवी तरी घाल रे!" ओरडता ओरडता त्याला रडू फुटलं. अनंताने बसल्या जागेवरून हात हलवला. "घे रे, घे."

फौजदार गणवेशातच अनंताशेजारी मातीत बसला. "अनंतराव, मी नकार लिहिलाय."

अनंत म्हणाला, "मिळाली असती तर सुटलो असतो, साहेब."

"कळलंय मला."

"मग आता मी काय करू?"

ठाण्यातून फोन आला, तो फौजदाराने घेतला नाही. तोडणकर बांध ओलांडून आला आणि डोळे पुसत दुसऱ्या बाजूला बसला. पाणी कुणाच्या वाडीत चाललंय, हे त्या तिघांपैकी कुणी पाहिलं नाही. अंधार पडू लागला तरी कुणी उठलं नाही, आणि उठून जाणं आता आपल्याला जमणार नाही, हे फौजदाराला कळून चुकलं.

ज्याच्याविषयी हल्ली कुणाचीच तक्रार राहिलेली नाही असा कुणी तुमच्या आळीत असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि त्याच्याकडे जाऊन बसा.