नावाड्याचा वीरगळ

वारणेच्या काठी एक लहानसं संस्थान होतं. तिथल्या येसबा नावाड्यानं एका परक्या वाटसराची बुडती पोर वाचवायला भर पुरात उडी घातली. पोरही गेली आणि येसबाही गेला. महिन्याभरानं गावानं राजेसाहेबांकडे मागणं घातलं, की घाटावर त्याच्या आठवणीचा वीरगळ उभारावा.

दरबारातले नीलकंठशास्त्री म्हणाले, “महाराज, कर्माची किंमत फळावरून ठरते. इथे पोर वाचली नाहीच, उलट एकाच्या जागी दोन जीव गेले. निष्फळ कर्माला वीरगळ कसला?”

राजेसाहेबांनी येसबाच्या बायकोकडे, भिवराकडे पाहिलं. “तुझं काय म्हणणं आहे, बाई?”

भिवरा हात जोडून पुढे आली. “शास्त्रीबुवा, गेल्या साली तुमच्या मंडळी, आमच्या काकू, आजारी होत्या. सहा महिने तुम्ही त्यांना हातानं भरवलंत, उचलून उन्हाला बसवलंत. अख्ख्या गावानं ते पाहिलं. काकू तर गेल्या. मग त्या सेवेचं फळ काय?”

शास्त्री म्हणाले, “फळ कुठलं, भिवरे? ते माझं कर्तव्यच होतं.”

“मग बुवा, डोळ्यांदेखत पोर बुडताना नावाड्याचं कर्तव्य काय होतं?”

शास्त्री डोळे पुसून म्हणाले, “महाराज, वीरगळ उभारा.”

लोक भिवराच्या हुशारीचं कौतुक करू लागले, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ‘उडी घालून काय मिळवलंत हो?’ असं महिनाभर तीच गेलेल्या नवऱ्याला विचारत होती. दरबाराच्या पायरीवर ती बसली आणि येसबा गेल्यापासून पहिल्यांदाच ढसाढसा रडली.